झ्यूसला गाऱ्हाणं

नाटकाच्या शेवटी देव यायला हवा की नको, यावरून कुवेतच्या मराठी मंडळात नव्वद सालच्या एप्रिलमध्ये तीन मीटिंगा झाल्या आणि तिन्हींत मिळून शंभरेक साबुदाणे वडे संपले. नाटक राजश्रीचं होतं, पण राजश्रीला कोणी फारसं विचारत नव्हतं. लिहिणाऱ्याने लिहून बाजूला व्हावं आणि बाकीच्यांनी सुधारून द्यावं, अशी मंडळांची जुनी रीत आहे.

राजश्री मूळची कराडची. सहा वर्षांपासून इथल्या एका हॉस्पिटलात नर्स. वॉर्डातली एक आयरिश सिस्टर मायदेशी परतताना आपलं जाडजूड पुस्तक तिला देऊन गेली, तेव्हापासून तिला ग्रीक देवांचा नाद लागला. हे देव तिला भारी आवडले. रुसतात काय, भानगडी करतात काय, माणसांच्या लढाईत या नाहीतर त्या बाजूला उडी घेतात काय! मान राखला नाही एवढ्यावरून अख्ख्या आरमाराचा वारा बंद करायला हे मागेपुढे पाहत नाहीत. आणि एवढं सगळं करूनसवरून जाब द्यायची वेळ आली, की तो द्यायचा माणसाने. देव म्हणजे आपले मोठे डॉक्टर, असं ती मैत्रिणींना सांगे. येतील तेव्हा येतील, तोवर पेशंट आपणच सांभाळायचा.

त्यातूनच तिने आपल्या मनाने एक गोष्ट रचली. वाऱ्याअभावी राजाची गलबतं बंदरात अडकतात. झ्यूस वाऱ्याच्या बदल्यात राजाची मुलगी मागतो. राजा मुलीला खांबाला बांधतो, सुरी उचलतो, आणि मग ती टाकून स्वतःच तिचे दोर सोडतो. आभाळाकडे बघून म्हणतो, 'देणार नाही.' पडदा.

या दोन शब्दांसाठी तिने सगळं नाटक लिहिलं होतं. सहा वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी तिला विमानतळावर सोडलं, तेव्हा पाठच्या दोन बहिणींची लग्नं तिच्या पगारावर व्हायची होती. 'देवाच्या मनात तसंच आहे, बाळ,' असं म्हणून त्यांनी डोळे पुसले होते. आता बहिणी सुखात होत्या, कुवेतमध्ये राजश्रीचंही बरं चाललं होतं, तिचा कोणावर राग नव्हता. फक्त एकदा, एका तरी बापाच्या तोंडून, तिला 'देणार नाही' ऐकायचं होतं.

मंडळाचे अध्यक्ष रामभाऊ यांना ते पटेना. "बाप देवाला तोंडावर नाही म्हणतो आणि पडदा? अगं, लोक बायकापोरं घेऊन येतात. देवाने यावं, मुलीला वाचवावं, आशीर्वाद द्यावा. लोक खूश होऊन जेवायला जातील."

त्यात सर्जन डॉक्टर हरिश्चंद्र यांनी कुठेतरी वाचलं होतं, की खुद्द ग्रीक लोकसुद्धा नाटकाच्या शेवटी देवाला यारीने, म्हणजे क्रेनने, वरून खाली आणत आणि तो सगळा गुंता सोडवत असे. झ्यूस तेच होणार होते, त्यामुळे यारीबद्दल त्यांना फारच आस्था होती. राजश्रीची इथे पंचाईत झाली, कारण ते खरंच होतं. तिने घरी जाऊन दातओठ खात शेवट बदलला. देव येऊन हुकूम देतो, मग राजा मुलीला सोडतो. 'देणार नाही'वर तिने स्वतःच्या हाताने काट मारली.

यारी मात्र झाली नाही. राजाचं काम करणारे पुंडलिकराव मालवणकडचे, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत अवजड सामान उचलणाऱ्या टोळीचे मुकादम. आवाज असा, की तिथल्या भोंग्यालाही ऐकू जावा. त्यांनी डॉक्टरांना साफ सांगितलं, "सामानाच्या हुकाक माणूस लटकावूचो नाय. मगे तो देव असांदे." शेवटी त्यांनी लोखंडी नळ्यांची परांची उभी केली, तिच्यावर फळ्या टाकल्या आणि चारी बाजूंनी कठडा लावला. कठडा असलेला स्वर्ग पाहून डॉक्टर हिरमुसले, पण चढले.

तालमीत राजकन्या झालेली अकरा वर्षांची अक्षदा राजश्रीला म्हणाली, "बट आंटी, व्हाय डझन्ट ही जस्ट से नो?"

"कमिटीला विचार," राजश्री म्हणाली.

ईद झाल्यावरच्या गुरुवारी संध्याकाळी फरवानियातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग लागला. चारशे माणसं आली. मागच्या रांगांत पुंडलिकरावांचे रिफायनरीतले कोकणी सोबती शिट्ट्या मारायच्या तयारीनेच बसले होते. राजश्री विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगला उभी. दोन अंक झकास झाले. तिसऱ्यात राजाने मुलीला बांधलं, हॉल चिडीचूप झाला, आणि परांचीच्या मागे अंधारात 'पीप पीप' वाजलं. डॉक्टर त्या दिवशी ऑन कॉल होते. झग्याच्या आत कमरेला बीपर होता.

बाहेरच्या फोनवरून ते धावत परत आले ते राजश्रीला सांगायलाच. "ॲक्सिडेंट आहे. दोन पेशंट. मला जायलाच हवं, सॉरी!" झगा गुडघ्यापर्यंत उचलून स्वर्गाचे धनी गाडीकडे पळाले. जाणं बरोबरच होतं. पलीकडच्या विंगेत रामभाऊंनी कपाळाला हात लावला.

रंगमंचावर पुंडलिकरावांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "हे झ्यूस, तुझी आज्ञा काय?" त्यांनी सुरी उगारून विचारलं. वर कोणी नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग त्यांची नजर हळूच विंगेकडे वळली.

राजश्रीला जुना शेवट पाठ होता. दोन शब्द कुजबुजायचे, एवढंच काम. तिने तोंड उघडलं, पण ते दोन शब्द काही केल्या बाहेर येईनात. इतके दिवस जे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं, ते स्वतः पढवायचं कसं? शेवटी तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"देव गेले, पुंडलिकराव!"

पुंडलिकरावांनी एकदा रिकाम्या परांचीकडे पाहिलं, एकदा खांबाला बांधलेल्या पोरीकडे. सुरी खाली ठेवली. डोक्यावरचा मुकुट काढून सुरीशेजारी ठेवला. मग परांचीखाली जाऊन हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं. कोकणात गावाच्या वतीने देवळात उभं राहून देवाला घालतात, ते गाऱ्हाणं.

"बा झ्यूस म्हाराजा!"

मग मागच्या रांगांतून, सवयीनेच, पंधरावीस गळे एकदम उठले, "व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरां हय कुवेतात जमलेली आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता निम्मा हॉल.

"तुका हाक मारली, तू इलंस नाय. तुका तुझी कामां आसतीत. तुझो मान आमी राखलव, पुढेय राखतलव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वारो दिवचो तर दी, नाय तर रवांदे. आमी वल्ही मारीत जातलव. पण ह्या चेडू मी तुका देवचंय नाय!"

या वाक्याला 'म्हाराजा' नव्हतं, त्यामुळे कोणी ओ दिली नाही. पुंडलिकराव वळले, पोरीजवळ गुडघ्यावर बसले आणि दोर सोडू लागले. सोडता सोडताच, वर न बघता, जरा खालच्या आवाजात म्हणाले, "राग धरूचो तर माझ्यार धर. पोराक काय बोला नको, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" चारशे माणसं ओरडली. पुण्याची ओरडली, नांदेडची ओरडली, आणि पलीकडच्या विंगेतून अध्यक्ष रामभाऊसुद्धा ओरडले.

राजश्री ओरडली नाही. तिच्याने झालंच नाही. वही छातीशी धरून ती ढसाढसा रडत होती आणि इतकं बरं तिला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. 'देणार नाही' लिहिताना तिलाही सुचलं नव्हतं ते त्या माणसाने पुढे जोडलं होतं. नुसतं नाही म्हणून तो थांबला नाही, त्या नाहीचा राग त्याने स्वतःच्या डोक्यावर मागून घेतला होता.

पडदा पडला. पुंडलिकराव घामाने निथळत विंगेत आले. "बाय, माफ कर हां," ते वरमून म्हणाले. "तुझी वाक्यां सगळी ऱ्हवली. माका काय सुचाकच नाय."

राजश्रीने वही खाली ठेवली आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला.