पिचरचा खांदा

"दहा मुद्दे लिही म्हटलं होतं. तू एकच लिहिलायस, आणि तोही चुकीचा," ताई म्हणाली.

चुकीचा म्हटल्यावर माझं डोकंच सटकलं. बेसबॉल मी खेळतो का तू, असं मी विचारलं. ती म्हणाली, खेळतोस तू, पण लोकांच्या शिव्या मी वाचते.

ते खरंय. ताई गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. खेळणाऱ्यांच्या तक्रारी वाचायच्या आणि त्यांची यादी करायची, हे तिचं काम. नव्या बेसबॉल गेममध्ये लोकांना काय काय सुधारून हवंय ते तिला तोंडपाठ आहे. बॉल पायाशी पडला तरी फील्डर ठोंब्यासारखा उभा राहतो. पळणाऱ्याला थांब म्हटलं तरी थांबत नाही. आउट झाल्यावर दर वेळी तोच रडका चेहरा दाखवतात आणि तो काही केल्या स्क्रीनवरून हटत नाही. त्यांना आता गेम खेळून चुका शोधणारा एक टेस्टर हवाय. मी नववीतच शाळा सोडली, तरी ताईने शब्द टाकला म्हणून तिच्या साहेबांनी मला बोलावलंय. आज तीन वाजता, गेममध्ये काय सुधारायचं त्याचे दहा मुद्दे घेऊन. हे हुकलं तर परत खोकी चिकटवायच्या कारखान्यात जायचं, आणि तिथल्या मुकादमाचं नि माझं एकदा चांगलंच वाजलंय.

माझा मुद्दा खांद्याचा होता. नव्या गेममध्ये बॉल कुठे येणार ते आधीच गोल काढून दाखवतात. बॅट गोलावर न्यायची, बटण दाबायचं, झालं. हे तर पाळण्यातलं पोरही करेल. जुन्या गेममध्ये असलं काही नव्हतं. पिचर फास्ट बॉल टाकणार असेल तर त्याच्या आधी त्याचा खांदा किंचित पडायचा. स्लो असेल तर नाही. ज्याला दिसलं त्याने मारावं. तो गोल काढून टाका आणि खांदा परत आणा, एवढंच मी लिहिलं होतं.

मी हे मामाच्या दुकानात शिकलो. मामा टीव्ही दुरुस्त करायचा. दुरुस्त झालेला टीव्ही दोन तास चालवून बघायचा हा त्याचा नियम, आणि नुसता कशाला चालवायचा म्हणून तो त्याला गेम जोडायचा. गिऱ्हाईक आलं की मान न वळवता सांगायचा, टेस्टिंग चालू आहे, संध्याकाळी या. कंट्रोलरच्या वायरी आखूड, त्यामुळे दोघं एका बाकावर चिकटून बसायचो. त्याच्या शर्टाला सोल्डरचा जळका वास यायचा. एकदा असा टीव्ही आला की खालचा अर्धा पडदा काळा. बॉल मधेच गायब व्हायचा. त्यावरही मी मामाला लागोपाठ चार होमरन मारले. मामाने टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, कार्ट्याला मांजराचे डोळे आहेत. मी नऊ वर्षांचा होतो. शाळेत माझ्या डोळ्यांबद्दल एवढंच बोलायचे, की ते कायम खिडकीबाहेर असतात.

हे सगळं मी ताईला सांगत होतो तेव्हा ती मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होती. त्या जुन्या गेमचा व्हिडिओ निघाला. तिने तो सावकाश लावला. फास्ट बॉल, स्लो बॉल, परत फास्ट. बारा वेळा तरी बघितलं. खांदा पडतच नव्हता. पडणार कुठून, पिचरला धड खांदाच नाही. चार चौकोनांचं अंग आणि पंपाच्या दांड्यासारखा वरखाली होणारा हात, दर वेळी तसाच.

मी म्हटलं, व्हिडिओ खोटा आहे.

"बाकावर तू मामाच्या कुठल्या बाजूला बसायचास?" ताईने विचारलं.

उजव्या, मी म्हटलं. त्याचा खांदा कायम माझ्या डोळ्यांच्या कडेला असायचा.

तिने तिथल्या तिथे मामाला फोन लावला, स्पीकरवर. टीव्ही दुरुस्तीला कोणी येईना तेव्हा त्याने दुकान बंद केलं. आता तो लिफ्टच्या दुरुस्तीवर जातो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मागे लिफ्टची घरघर चालू होती.

"मला माहीत होतं रे," तो म्हणाला. "जोरात टाकताना माझा खांदा हलायचा. एकदा आठवडाभर घट्ट धरून बसलो, तर तू सारखा आउट. चिडून दुकानात यायचाच बंद झालास. दोन दिवस एकटाच खेळलो. मग म्हटलं, हलू दे खांदा."

जेवलास का ते विचारलं, कुणीतरी त्याला हाक मारली, आणि फोन बंद झाला.

मला आधी रागच आला. म्हणजे ते सगळे होमरन फुकटचे, मी म्हटलं. ताई म्हणाली, बघत तर तूच होतास ना.

मग मी कागदावरचा मुद्दा खोडला आणि खाली लिहिलं, एकाच टीव्हीसमोर शेजारी बसून दोघांना खेळता यायला पाहिजे. नवा गेम फक्त नेटवर चालतो. समोरचा कुठल्या खोलीत बसलाय, त्याचा खांदा हलतोय का मान, काही कळत नाही. ताईने वाचलं. हे करायला खूप काम लागेल, साहेब नाही म्हणणार, असं ती म्हणाली, पण चुकीचं आहे असं म्हणाली नाही. तिच्या यादीतला ठोंब्या फील्डर आणि तो रडका चेहरा मी घेतला, कारण ते दोन्ही मी स्वतः बघितलेत. बाकीचे सात मी बघितलेले नाहीत, मग साहेबांनी विचारलं तर काय सांगू. तीन मुद्दे बघून ते आळशी म्हणतील, ताई म्हणते. म्हणू देत.

अडीच वाजलेत. ताई एका पायात चप्पल घालून दारात उभी आहे आणि माझ्या नावाने ओरडतेय. मला आता निघायला पाहिजे.