जीपच्या आठ पट्ट्या

तू बावीस दिवसांची होतीस, तेव्हा भुजबली आप्पांची जीप आपल्या दारात आली. लढाई संपली नि बेळगावच्या छावणीतल्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यातली ती एक. आप्पा निपाणीचे लाकडाचे व्यापारी. कणकुंबीच्या रानात त्यांचा ठेका होता, आणि तिथल्या मुळ्या-दगडांवर जीपचं पोट घासत होतं.

"परशराम, गाडी चार बोटं उचलून दे बाबा," ते तुझ्या अण्णांना म्हणाले. "रानातनं बोकडागत उड्या मारत गेली पायजे."

जीपच्या चाकांवर स्प्रिंगचे पोलादी पाटे असतात. पाट्याचं टोक गाडीच्या चौकटीला जोडणाऱ्या दोन पट्ट्या असतात, त्यांच्या जोडीला शेकल म्हणतात. पट्ट्या लांब केल्या की गाडी उंच बसते, चाकाला वरखाली व्हायला जागा मिळते. चार चाकांच्या आठ पट्ट्या. मोडक्या लष्करी ट्रकाचा पाटा कापून त्या करायच्या ठरल्या.

तुला पोटात घेऊन नवव्या महिन्यापर्यंत मी घण मारला होता. पण बाळंतिणीनं सव्वा महिना भट्टीला शिवायचं नाही, तिची सावलीसुद्धा ऐरणीवर पडू द्यायची नाही, ही आपल्या घरची रीत. म्हणून भात्यावर तुझी आजी बाळाबाई बसली, आणि तुला मांडीवर घेऊन मी आतल्या उंबऱ्यापाशी.

पट्ट्या देखण्या झाल्या. भोकं सरळ, कडा गुळगुळीत. मग अण्णांनी एकेक लालभडक पट्टी पाण्यात बुडवली, चर्र झालं, नि तशीच बाजूला टाकली. विळ्या-कुऱ्हाडींना पाणी देऊन देऊन हात तसाच बसलेला. विळा जितका कडक तितका लोहार मोठा.

माझे वडील संकेश्वरला टांग्यांच्या कमानी, म्हणजे असलेच पाटे, करायचे. नुसतं पाणी दिलेलं पोलाद काचेसारखं असतं. ते परत शेकून त्याचं पाणी उतरवायला लागतं. शेकताना बाभळीची वाळकी काडी वर घासत राहायची. काडीतून ठिणगी उठली की बस, राखेत पुरायचं. लहानपणी काडी घासायचं काम माझंच.

मी आतनं म्हटलं, "अवो, पाणी उतरवा की जरा. विळा न्हवं त्यो. ओझ्यानं तुटंल."

गाडीपाशी उभे असलेले आप्पा खदखदून हसले. "परशराम, तुझ्या घरात दोन मिस्त्री हाईत की रं! थोरला कंचा?"

अण्णांचा चेहरा तांबडा झाला. "हिच्या बापानं घोडी जुपली, आप्पा. मी मोटार करतोय." मग माझ्याकडं वळून, "पोरगी सांभाळ. तेवढं जमतंय न्हवं?"

पट्ट्या बसल्या, गाडी उंच झाली. तिसऱ्या दिवशी आपलं काम बघायला अण्णा जीपमधून कणकुंबीला गेले. लाकूड भरून चढ चढताना मागच्या दोन पट्ट्या कट्‌दिशी तुटल्या. गाडी कलंडली, नि अण्णांचा उजवा हात ओंडक्याखाली सापडला.

घरी आणलं तेव्हा हात कोपरापर्यंत फडक्यात होता. तुला खाली ठेवून मी धावले. आजी आडवी आली.

"शिवू नगंस! उंबऱ्यात येऊन बोललीस, तवाच तुझी सावली पडली भट्टीवर."

"आत्याबाई, पाणी उतरवलं न्हवतं..."

"ऐकलंस व्हय रं परशा? अजून तोंड चालतंय हिचं."

मी अण्णांकडं पाहिलं. तुटकी पट्टी त्यांनी डाव्या हातात धरून आणली होती. तुटल्या जागी खडीसाखरेसारखे दाणे चमकत होते. तसं तुटणं कशानं होतं, हे लोहाराला सांगावं लागत नाही. ते भिंतीकडं तोंड करून पडले.

सावलीची गोष्ट गल्लीभर झाली. शेजारच्या रुक्माबाई रोज तुला बघायला यायच्या, त्या यायच्या थांबल्या. बाकीच्या बायकाही. तुला तेल चोळताना मी तुझ्या कानात सांगायचे, तसं न्हाय गं माझ्या सोन्या, अण्णा एकदा आपल्या तोंडानं सांगतील. हात बरा होऊ दे, सांगतील.

पाच दिवसांनी आप्पांचा निरोप आला. आठवड्यात नव्या पट्ट्या द्या, नाहीतर गाडी बेळगावच्या कारखान्यात जाईल, नि पुढची सगळी कामंही.

त्या दुपारी आजीनं दाराला गोणपाट लावलं, भात्यावर बसली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "ऊठ."

"सव्वा महिना झाला न्हाय अजून."

"कुणाला दिसतंय?"

तुला सुपात निजवलं. घण मी मारला, भोकं मी पाडली. तू रडलीस की दूध चोळीतून झिरपून पोटावर यायचं. पाणी दिलं, परत शेकलं, काडी घासली. ठिणगी उठली. आठही पट्ट्या राखेत पुरल्या. अण्णा बाजेवरून बघत होते. शेवटची पट्टी शेकताना हळूच म्हणाले, "रंग बराबर आलाय." मला वाटलं, झालं. आता सांगतील.

जीप कणकुंबीचा चढ चार वेळा चढून आली. माझा सव्वा महिना संपला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पा नारळ घेऊन आले. रुक्माबाई आल्या, गल्लीतली चार माणसं जमली. तुला घेऊन मीही बाहेर आले.

"मोडका हात, म्हातारीचा घण, नि पट्ट्या अशा!" आप्पा म्हणाले. "मग मागल्या खेपेला काय बिघडलंतं रं, परशराम?"

सगळे अण्णांकडं बघू लागले. अण्णांनी आजीकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"ह्या खेपेला बाळंतिणीला भट्टीजवळ फिरकू दिलं न्हाय, आप्पा," ते म्हणाले. "म्हणून टिकल्या."

"रीत ती रीत," रुक्माबाई म्हणाल्या.

आप्पांनी नारळ फोडला. आजीनं खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांच्या हातावर ठेवले. माझ्यापाशी आल्यावर मी हात पुढं केला, तर तिनं तुकडा तुझ्या दुपट्यावर ठेवला. तळव्यावरचे घणाचे फोड चारचौघांत दिसू नयेत म्हणून असेल.