काळे चौकोन

"बहिरेपण यांच्या रक्तातच आहे," चुलतकाका इस्पितळातल्या आनुवंशिक आजारांच्या समुपदेशक बाईंना आमच्याकडे बोट दाखवत सांगत होते.

काकांच्या पत्रा ठोकायच्या कारखान्यात माझे आजोबा, बाबा आणि दादा, तिघांचेही कान गेले होते. सोमवारपासून धाकटी बहीण तिथे कामाला बसणार होती. कानात बोळे घालायला काकांची मनाई होती. पत्र्याची जाडी नादावरून कळते, असं ते म्हणत.

बाईंनी आमच्या कुटुंबाचा तक्ता काढला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल आणि बहिऱ्या माणसाची आकृती काळी.

"काकांची शाखाही काढा," मी म्हणाले. "आमचे पणजोबा एकच."

"काढा की. लपवायचंय काय?" काकांनी स्वतःच माणसं सांगितली. त्यांच्या बाजूला एकही चौकोन काळा झाला नाही.

"आता प्रत्येकाची कारखान्यात बसायची जागा लिहा," मी बाईंना म्हणाले.

तीही काकांनीच सांगितली. आमच्या काळ्या चौकोनांखाली ठोकायची शेड आली, त्यांच्या पांढऱ्यांखाली काचेची केबिन. मग माहिती खरी असल्याची त्यांनी खाली ऐटीत सही केली.

"रक्त तर एकच दिसतंय," बाई म्हणाल्या. "हा कागद कारखाना निरीक्षकांकडे जाईल. त्यांची तपासणी होईपर्यंत मुलीला तिथे बसवायचं नाही."

मी शेजारी बसलेल्या दादाला हातवारे करून सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला.

"काय सांगितलंस त्याला?" काकांनी विचारलं.

कान गेल्यापासून दादा त्यांना असंच विचारत आला होता, आणि ते हात झटकून एकच उत्तर देत. मीही हात झटकला.

"काही नाही."