कय्यूम मेकॅनिकचे कान

चिमूरच्या बसस्टँडमागं कय्यूमचं गॅरेज होतं, आणि गॅरेजपेक्षा त्याच्या कानांचाच बोलबाला जास्त होता. गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की तो आधी बॉनेट उघडायचाच नाही. डोळे मिटायचा, मान जराशी वाकडी करायचा आणि म्हणायचा, "वॉटर पंप." नाहीतर, "टॅपेट." या अदाकारीवर तो स्वतःच भारी खूश होता. मान किती वाकडी केली म्हणजे शोभून दिसते, हे त्यानं आरशात बघून ठरवलं होतं.

अशा माणसाची स्वतःची जुनी अ‍ॅम्बॅसेडर वाजायला लागली. आवाज पहिल्यांदा ऐकला तो त्याच्या बायकोनं, जाहिदानं.

"गाडी सुटते तवा मांगून टक्क वाजते," ती म्हणाली.

"डिक्कीत पान्हे हायेत."

जाहिदानं पान्हे काढून ठेवले. टक्क काही गेलं नाही. मग कय्यूम म्हणाला, सायलेन्सर असेल. त्याचा क्लॅम्प बदलला. मग म्हणाला, शॉकअप. तेही बदलले. एके दिवशी भिसीकडचा धानवाला हेमराज आपली पिकअप दाखवायला आला, तेव्हा कय्यूम नेमका गाडी मागं घेत होता.

"कय्यूमभाऊ, तुमची गाडी मांगून काऊन ठोकून राह्यली?"

"जुनी झाली ना भाऊ. बॉडी बोलते."

हे उत्तर दुसऱ्या मेकॅनिकनं दिलं असतं, तर कय्यूम आठवडाभर चहाच्या टपरीवर त्याची नक्कल करत हसला असता.

बल्लारपूरला दिलेली त्यांची मुलगी तहसीन कधीची बोलावत होती. जाहिदानं सांगून टाकलं, हा आवाज गेल्याशिवाय मी या गाडीत बसून जंगलातल्या रस्त्यानं येणार नाही. शेवटी एका सकाळी आवाज शोधायला ती मागच्या सीटवर बसली. "तुमी चालवा. वाजला का मी खांद्यावर मारीन."

गाडी सुटली आणि खांद्यावर चापट बसली. गिअर बदलला, पुन्हा चापट. गाडी एका चालीनं जात असली की हात थांबायचा. क्लच सोडला की परत पडायचा. कय्यूमला वाटलं, ही लग्नापासूनचा राग काढते आहे. त्यानं गाडी सागाच्या झाडाखाली घेतली.

"वाजत नसतानी काऊन मारून राह्यली?"

जाहिदा पुढं वाकली. "तुमाले खरंच आयकू नाई आला?"

कय्यूमनं इंजिन बंद केलं. गाडीचं दुखणं त्याला चापटा कधी पडल्या त्यावरून तेवढ्यात समजलं होतं. इंजिनाचा जोर मागच्या एक्सलला पोचवणारा जो लांब शाफ्ट असतो, त्याच्या सांध्यातला क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा, झिजला होता. जोर पडला की तोच ठोकत होता. दुसरं दुखणं पचायला वेळ लागला. बारीक आवाज आपल्याला कधीपासून येत नाहीत, हे त्याला आठवेना. मग इतके दिवस डोळे मिटून आपण काय ऐकत होतो? काहीच नाही. गाडी किती जुनी, मालक कसा दामटतो, आल्याआल्या तो काय बोलला, यावरून अंदाज बांधत होतो. अंदाज बहुतेक बरोबर निघायचा, म्हणून कोणाला शंका आली नाही, आणि सगळ्यात कमी आली ती त्याला स्वतःलाच.

गॅरेजवर येऊन त्यानं पुढच्या चाकांना दगड लावले, मागची बाजू उचलून लोखंडी घोडीच्या टेकूवर ठेवली, गिअर न्यूट्रल केला आणि खाली शिरला. एका हातात शाफ्ट, दुसऱ्या हातात एक्सलकडचा सांधा धरून उलटसुलट पिळलं. चांगलाच ढिला. सांध्याभोवती गंजाची तांबडी भुकटी जमली होती. आतलं ग्रीस केव्हाच वाळून गेलं होतं. दुसऱ्याच्या गाडीत हे दिसलं असतं तर त्यानं मालकाला ग्रीसवर भाषण दिलं असतं. इथं मालक बिचारा गाडीखाली उताणा पडला होता.

शाफ्ट होता तसाच परत बसावा म्हणून त्यानं खडूनं खूण केली, बोल्ट सोडले आणि जुना क्रॉस ठोकून काढला. नव्या क्रॉसच्या टोकांवरच्या वाट्यांमध्ये सुईसारखे बारीक रोलर असतात. तो वाटी बसवत होता, तेवढ्यात बाजूला उभी असलेली जाहिदा म्हणाली, "आत काईतरी पडल्यावानी वाजलं."

"काई नाई पडलं."

वाटी आत जाईना आणि तिला अडवून धरणारं लॉक खाचेत बसेना. कय्यूमनं ठोकलं. मग आणखी ठोकलं, कारण बायकोसमोर वाटी पुन्हा काढण्यापेक्षा ते सोपं होतं. शेवटी काढलीच. एक रोलर तळाशी आडवा पडला होता. जाहिदाकडं न बघता त्यानं तो ग्रीस लावून जागेवर उभा केला. यावेळी लॉक सहज बसलं.

दोघं बल्लारपूरला निघाली. वरोऱ्याला त्यानं विचारलं, "आवाज येऊन राह्यला का?" भद्रावतीला परत विचारलं. चंद्रपूरच्या अलीकडं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा जाहिदा म्हणाली, "गाडीचा नाई येत. तुमचाच येते."

परतताना चंद्रपूरला ती त्याला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. तिथं त्यानं सवयीनं डोळे मिटून मान वाकडी केली, तर डॉक्टर म्हणाले, "मान सरळ ठेवा." काही दिवसांनी कानात मशीन बसलं. कय्यूम पहिलं वाक्य बोलला आणि दचकलाच.

"मी एवढ्या मोठ्यानं बोलतो?"

"लय दिवसापासून."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं होतं," जाहिदा म्हणाली.