झाकणावरचा रंग

माझ्या थोरल्याला एक खोड आहे. घरी चार दिवस यायचं, चांगल्या चालत्या गोष्टीला हात लावायचा, आणि ती बिघडली की शहरात बसून फोनवर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या.

या वेळी हात लागला ट्रॅक्टरला. ह्यांनी घेतलेला, थोरल्यापेक्षाही वयाने मोठा. ह्यांच्या माघारी तो माझी लेक चालवते. नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हापासून लोकांची शेतं नांगरून देते, त्यावर तिचं पोट चालतं आणि माझंही. थोरल्याचं नव्या ट्रॅक्टरांचं दुकान आहे, काचेचं. हा जुना त्याला दुकानाच्या दारात उभा करायचा होता, गिऱ्हाइकांनी फोटो काढावेत म्हणून. मी म्हटलं, "चालतोय तोवर हलणार नाही. बंद पडला तर खुशाल ने." तो हसला, आणि जाता जाता ट्रॅक्टर नखशिखांत लालभडक रंगवून गेला.

त्यानंतर इंजिनाला धाप लागली. सुरू व्हायचं झोकात, शेताच्या मध्यावर गेलं की आचके देऊन गप्प. लेक उतरायची, टाकीचं झाकण उघडून डिझेल बघायची. डिझेल भरपूर. किल्ली फिरवली की पुन्हा सुरू, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. मिस्त्रीने फिल्टर धुतला, नळी बदलली, पंपातली हवा काढली. शेवटी हात पुसत म्हणाला, "काकू, वय झालं याचं."

"वय माझंही झालंय," मी म्हटलं. "मला घालतोस का भंगारात?"

फोनवर थोरल्याने वेगळंच काढलं. "बाईमाणसाच्या हाती इंजिन टिकत नाही, आई. क्लचवर पाय ठेवून बसत असेल ही. मी ट्रक घेऊन येतो."

लेक शेजारीच होती. दुसऱ्या दिवसापासून चालवताना सारखी आपल्या पायाकडे बघायला लागली. लोकांनी कामं दुसऱ्याला दिली. "माझंच चुकत असेल गं," म्हणाली. ते मला सुईसारखं टोचलं.

ट्रक यायचा त्या सकाळी तिने आमच्याच शेतात शेवटचा प्रयत्न केला. मी बांधावर उभी. मध्यावर ट्रॅक्टर बंद. मी ढेकळं तुडवत गेले. तिने झाकण फिरवलं, तशी टाकीने 'स्सस्' करून हवा आत ओढली, बुडता माणूस वर आल्यावर ओढतो तशी.

मला माझा तेलाचा डबा आठवला. एकच भोक पाडलं तर धार गचके खात थांबते. दुसरं पाडावं लागतं, हवेसाठी.

"याला हवेचं भोक कुठंय गं?"

"झाकणातच असतं, मधोमध." तिने अंगठा फिरवला आणि थांबली. वर नुसता गुळगुळीत लाल रंग. आम्ही दर वेळी डिझेल बघायला झाकण उघडत होतो, तेवढाच काय तो टाकीला श्वास मिळत होता.

मी पदराची पिन काढून दिली. रंगाची खपली निघाली, भोक मोकळं झालं. अख्खं शेत तिने न थांबता नांगरलं.

घरी आलो तर दारात ट्रक, आणि थोरला. मी तळहातावरची खपली त्याच्यापुढे धरली. काय झालं ते सांगितलं.

"एवढंच ना?" तो हसला. "मग उत्तमच. चालतोय तर आपला आपण चढेल. चिमे, घे गं चढवून ट्रकवर."

बहिणीला 'चुकलो' म्हणणं राहिलं बाजूला, तिलाच कामाला लावलं! आणि ती खुळी, इतके दिवस ऐकून घेऊन घेऊन अशी झाली होती, की खरंच किल्ली घेऊन वळली.

मी तिच्या हातातली किल्ली काढून घेतली, पदराच्या टोकाला बांधली आणि थोरल्याकडे वळले.

"ट्रक रिकामा ने. आणि आजपासून तू इथे पाहुणा. ये, बस, चहा घे, जा. पण या घरातल्या कशालाही हात लावायचा नाही. आत येताना दाराची कडीसुद्धा तुझी बहीण काढेल. ती घरी नसेल, तर बाहेर उभा राहा."