साडेअकराची सुनावणी

भाऊंनी चार्जरची पिन काढून पुन्हा बसवली. चार्जरवरचा हिरवा दिवा लागत होता. लॅपटॉप मात्र ढिम्म.

“काल चालू होता?”

“हो. संध्याकाळी बंद करून ठेवला. आत्ता बघते तर हे असं,” त्यांची मुलगी गौरी म्हणाली.

पावणेअकरा वाजले होते. साडेअकराला ऑनलाइन सुनावणी होती. संमतीने घटस्फोट, शेवटची तारीख. मागच्या खेपेला गौरी मोबाइलवरून हजर झाली, इथे नागावात रेंज गेली, न्यायाधीशांना आवाज तुटक ऐकू आला आणि तारीख तीन महिने पुढे ढकलली गेली. त्यानंतर केबलवाल्याकडून वायरचं नेट घेतलं होतं, ते लॅपटॉपलाच जोडायचं.

भाऊंनी आयटीआयमध्ये सत्तावीस वर्षं पोरांना विजेचं काम शिकवलं होतं. यंत्र कुठलंही असो, वीज कुठवर पोचते ते बघत जायचं, एवढंच त्यांचं सांगणं. त्यांनी बटण अर्धं मिनिट दाबून धरलं, सोडलं, पुन्हा दाबलं. आत पंखा फिरला. स्क्रीन काळाच. टॉर्च मारून पाहिला. पुसटसुद्धा काही दिसेना.

“वीज पोचत्ये,” ते म्हणाले. “आत काहीतरी धरत नाहीये.”

बारीक स्क्रू-ड्रायव्हरने पाठ उघडून त्यांनी बॅटरीची जोडणी सोडवली, रॅमची पट्टी काढली आणि खिडकीपाशी धरली. सोनेरी दातांवर काळपट थर चढला होता. समुद्राची हवा. गौरीकडून खोडरबर घेऊन त्यांनी दात हलक्या हाताने घासले, फडक्याने पुसले. आता पट्टी बसवायचीच बाकी होती.

ती त्यांच्या हातातच राहिली.

जावई म्हणून हर्षद त्यांना आवडायचा. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात वाडीतल्या पंपाच्या मोटरीचं वाइंडिंग दोघांनी मिळून केलं होतं. तीन महिन्यांत माणसं बदलतात, असं मागच्या तारखेनंतर ते बायकोला म्हणाले होते. गौरीने ते माजघरातून ऐकलं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“भाऊ, गेलीय का ती पट्टी?”

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वीस. ‘हो’ म्हटलं असतं तरी कुणाला कळलं नसतं.

मांडीवरच्या कागदांची कड गौरी बोटाने सारखी करीत होती. सारखी झाली, तरी करीतच होती.

“नाही गं,” भाऊ म्हणाले. “चांगली आहे.”

त्यांनी पट्टी खाचेत तिरपी सरकवून दाबली. टक् झालं. बॅटरी जोडून, पाठ लावून त्यांनी बटण दाबलं.

स्क्रीन उजळला. गौरीने वायर जोडली, लिंक उघडली. आधी वकीलबाई दिसल्या, मग हर्षद. गालफडं बसली होती. गौरीच्या खांद्यामागे उभे असलेले भाऊ त्याला दिसले आणि तो सवयीने बोलून गेला,

“नमस्कार भाऊ. बरे आहात ना?”

“बरा आहे. तू जेवतोस ना वेळेवर?”

“हो.”

वकीलबाई खाकरल्या. भाऊंनी पुढे वाकून लॅपटॉप जरा वळवला. आता चौकटीत एकटी गौरी दिसत होती. मग ते बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि कुणी आत जाऊ नये म्हणून तिथेच उभे राहिले.