टीव्हीतल्या सायबाला इचारलेला प्रश्न

ह्यातलं एक अक्षर जरी खोटं निघालं तर माजी जीभ झडू दे. नातवाच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. मागं मी कृष्णंतल्या मगरीला भाकरी चारली म्हनले हुते, ती गोष्ट येगळी. ही खरी हाय.

तर काटा नऊवर येऊन थांबला हुता. आड्याच्या आकड्याला टांगल्याला काटा, खाली कापडाची झोळी, आन् झोळीत बनाबाईची नात अक्षता. दोन वर्साची पोर, पर मान टाकून बसल्याली. रडायला बी अंगात ताकद न्हाई. माजी सून माया आष्ट्याजवळच्या आमच्या वस्तीवर अंगनवाडी चालवायची. सन अठ्ठ्यान्नव हुतं. तिनं पोरीला झोळीतनं काढलं आन् नुसत्या हातानं तोललं.

"आत्ती, ही नऊ किलो न्हाई," ती मला म्हनली. "आपल्या साईराजएवडीच लागती हाताला."

साईराज म्हंजे तिचा ल्योक, माजा नातू. आठ म्हैन्याचा.

"मंग लिव की बाय खरं काय ते," बनाबाई म्हनली.

"काट्यावर नऊ दिसतंय न्हवं मावशी. काट्यावर दिसंल तेच तक्त्यावर लिवायचं, असा हुकूम हाय."

नऊ लिवलं की पोर ठीक. सात लिवलं की कुपोषनाची तिसरी श्रेनी. मंग खाऊ डबल, वर हापिसाची चिठ्ठी घिऊन सांगलीच्या दवाखान्यात भरती. दोन किलोचा फरक आन् त्येच्यावर पोरीचा जीव.

मी गप बसनारी हाय व्हय? भाऊसोच्या दुकानातनं पाच किलोचं लोखंडी माप पदराखाली घालून आनलं आन् झोळीत बसवलं. काटा सातवर. लोखंडानं बाळसं धरल्यालं मी जन्मात पैल्यांदा बगितलं.

मायानं हापिसाला तीन अर्ज केलं. चौथ्या म्हैन्यात सुपरवायजर शालूबाई आल्या, पर्स मांडीवर घिऊन खुर्चीत बसल्या. मी त्यांच्याम्होरं परत माप टांगून दावलं.

"आजी," त्या म्हनल्या, "काटा सरकारी आहे. माप वाण्याचं आहे. यातलं खोटं कोण असेल, तुम्हीच सांगा."

"आवं, तुमीच बसा की झोळीत," मी म्हनले. "तुमचं बी बगू किती भरतंय."

मायानं माज्याकडं असं बगितलं की मी चंची सोडून सुपारी कातरत बसले.

"नवा काटा मागणीत आहे," शालूबाई म्हनल्या. "तोवर तुझं विश्रामबागला ट्रेनिंग आहे माया. सॅटलाइटवर. मोठे साहेब टीव्हीतून शिकवणार, आपण फोनवरून प्रश्न विचारायचा. सगळ्या राज्यात ऐकू जातं."

"कशाचं ट्रेनिंग, मॅडम?"

"मुलांचं वजन कसं घ्यायचं, त्याचं."

माजा अडकित्ता हातातच ऱ्हायला.

साईराज अंगावर पीत हुता, म्हनून त्येला घिऊन मी बी गेले. विश्रामबागंच्या त्या हॉलवर डिश बशिवली हुती, गुळाची काहील तिरकी हुभी केल्यागत. आत साठ बाया आन् एक टीव्ही. शंभर कोसांवर बसल्याला सायब, पर त्येची मिशी हितं आमच्याम्होरं हालत हुती. साईराज तिला धरायला हात करायचा.

आन् सायब शिकवायला बेस हुता, ते मी नाकारत न्हाई. त्येनं एक बारीक पट्टी काढली, लेकराच्या दंडाला गुंडाळली. खांदा आन् कोपराच्या बरूबर मधी. पट्टी तांबड्या रंगावर आली तर लेकरू धोक्यात. हिरव्यावर आली तर बरं. काटा नसंल तितं ह्येवडं तरी करा, म्हनला. त्येची बोटं टीव्हीवर ह्येवडाली दिसायची, पाक मागच्या रांगंत बसून मला सुदिक कळलं.

मायानं सगळं वहीत उतरून घेतलं, सेंटिमीटरसकट. "सा वर्सं झाली आत्ती नोकरीला," ती हळूच म्हनली. "ह्ये मला कुनी सांगितलं न्हवतं."

मंग लाइट गेली. जनरेटर लागंस्तवर पंदरा मिंटं गेली. सायब तकडं बोलतच हुता, त्येला काय ठावं हितं अंधार हाय. टीव्ही लागला तवा त्यो म्हनत हुता, "म्हणून हे कधीही करू नका," आन् त्येनं पान उलटलं. काय करू नका, ते आमा साठ बायांना आजपतुर कळल्यालं न्हाई. शेजारची एक म्हनली, "जरा मागं घ्या म्हनावं की." आता म्हनायचं कुनाला? टीव्हीला?

जेवनं झाल्यावर प्रश्नांची येळ आली. शालूबाईंनी चार बायांना चिठ्ठ्या दिल्या. प्रश्न हापिसातच टाइप झाल्यालं, आन् त्येची यादी सायबाकडं आठ दिस आदीच गेल्याली. मायाच्या चिठ्ठीवर हुतं, गाजरात कोणते जीवनसत्त्व असते.

"मॅडम, मला काट्याचं इचारायचं हाय."

"वरचे साहेब ऐकत असतात, माया. तालुक्याची अब्रू जाईल. चिठ्ठी वाच आणि जागेवर ये."

"पर पोर—"

"वाच आणि ये."

माया फोनापाशी गेली. मला पाठच दिसत हुती तिची. चिठ्ठी तिनं मुठीत पाक चुरगाळली.

"सायब, मी माया, आष्ट्याकडची अंगनवाडी सेविका," ती म्हनली आन् तिचा आवाज टीव्हीतनं परत आमच्या कानावर आला. "आमचा काटा पाच किलोचं माप सात दावतोय. दोन वर्साची पोर हाय, सात किलोची. तिला मी नऊ लिवतीय. चार म्हैनं झालं, नऊ लिवतीय. उद्या ती मेली, तर तक्त्यावर धडधाकट मरंल. मी काय लिवू?"

टीव्हीतल्या सायबानं चष्मा काडला. मान खाली घातली. म्हनला, "बाई, चूक आमची आहे."

शालूबाईंनी मायाच्या हातातनं फोन हिसकून घेतला. येताना यस्टीत माया साईराजला छातीशी धरून बसल्याली.

घरी आल्या आल्या तिनं माज्या मोडल्या मनगटाचा एक्सरे मागितला. मी म्हनले, घे, न्हाईतरी माजी हाडं आता कोन बगतंय. तिनं त्येची पट्टी कापली, फुटपट्टीनं खुना केल्या. बैलाची शिंगं रंगवायचा तांबडा रंग घरात हुता, त्यो साडेबारा सेंटिमीटरपतुर लावला. दुसऱ्या दिशी पट्टी अक्षताच्या दंडाला गुंडाळली. हिरवं ऱ्हाऊ द्या, तांबड्यात बी पाक आत.

"मावशी, कापडं घ्या पोरीची," माया बनाबाईला म्हनली. "सांगलीला जायाचं."

"चिठ्ठी मिळाली हापिसाची?"

"न्हाई मिळाली. उटा."

दवाखान्यातल्या डाक्टरनं पट्टी हातात घिऊन उजेडाला धरली. माजी हाडं बगून जरा हासला. मंग पोरीला त्येच्या काट्यावर ठेवलं. सातला थोडं कमीच. चिठ्ठीबिठ्ठी काय मागितली न्हाई त्येनं. बावीस दिस ठेवून घेतलं. परत आली तवा अक्षता बनाबाईच्या कडंवरनं उतरायला धडपडत हुती.

हिकडं मायाला हापिसाचं पत्र आलं हुतं. यादीबाहेरचा प्रश्न का विचारला, तीन दिवसांत लेखी खुलासा करा. पोर कशी हाय, ते इचारायला त्यांच्यातलं एक मानूस उंबऱ्यापतुर आलं न्हाई. मी म्हनले, माया, मला लिवाय येत असतं तर कागुद जळंल असं लिवलं असतं. ती हासली न्हाई. चुलीम्होरं बसून तिनं एकच ओळ लिवली: यादीत माझ्या वस्तीतली मुलगी नव्हती. खाली सही केली.

नवा काटा आला न्हाई. वर्साच्या शेवटाला आमच्या वस्तीला कागुद मिळाला, एक बी लेकरू तिसऱ्या श्रेनीत न्हाई म्हनून, आन् शालूबाईंना हार. मायाला त्येच्यानंतर ट्रेनिंगला बोलावलं न्हाई.

आता जीभ झडायच्या आत एक सांगून टाकते. सायबानं मान खाली घातली आन् चूक कबूल केली, ते मी माज्या पदरचं घातलं. बाकी समदं खरं. कितीदा सांगितलं तरी त्या जागंवर आलं की माजा राग आवरत न्हाई, म्हनून त्येची मान मीच खाली करते.

झालं हुतं ते असं. मायाचं बोलून झालं. सायब हासला, म्होरल्या कागदाकडं बगितलं आन् म्हनला, "फारच छान प्रश्न. गाजरात अ जीवनसत्त्व असतं." मंग त्येनं फुडच्या सेंटरचं नाव घेतलं. माया फोन कानाला लावून तशीच हुभी हुती, आजून कुनीतरी बोलंल म्हनून.